आखणी आणि मोकळीक : इटलीच्या सहलीविषयी एक संवाद

आक्षेपक : इटलीच्या सहलीचा कार्यक्रम घरबसल्या तासातासाने आखून निघालेला प्रवासी तेथे पोहोचल्यावर देश पाहण्याऐवजी आपलाच तक्ता पुरा करीत राहतो, ही तक्रार जुनी असली तरी तिला अद्याप समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. आठ दिवसांत रोमला तीन रात्री, फ्लॉरेन्सला दोन, व्हेनिसला एक, मिलानला एक आणि वाटेत पिसाचा कललेला मनोरा, असा जो साचा आज सर्वत्र दिसतो, त्यात दिवसाचे मोल त्या दिवशी किती स्थळे ‘झाली’ यावर ठरते. शाकुंतलाचा चाहता म्हणून मराठी वाचकाला परिचित असलेला जर्मन कवी गटे ३ सप्टेंबर १७८६ रोजी पहाटे तीन वाजता कार्ल्सबादहून कोणालाही न सांगता निघाला, तेव्हा त्याच्याजवळ एक प्रवासी थैली आणि एक पाठपिशवी एवढेच सामान होते. व्हेनिसमध्ये तो दोन आठवडे रमला, आणि रोमची ओढ इतकी अनावर झाली की फ्लॉरेन्ससारखे शहर त्याने जाताना अवघ्या तीन तासांत मागे टाकले. आजच्या कोणत्याही नियोजकाच्या हिशेबात असे वेळापत्रक बसणार नाही. तरीही या प्रवासातून युरोपीय साहित्यातील एक थोर प्रवासवर्णन जन्माला आले, आणि मनाचा कल ओळखून मार्ग बदलण्याची मुभा प्रवाशाला नसती तर ते जन्माला आले असते असे म्हणवत नाही.

पुरस्कर्ता : गटेचे उदाहरण आकर्षक आहे, पण आपण समजता तितके ते आपल्या बाजूने साक्ष देत नाही. त्याचे वडील १७४० मध्ये इटलीला जाऊन आले होते, रोमच्या दृश्यांची चित्रे त्याने बालपणापासून घराच्या भिंतींवर पाहिली होती, आणि प्रवासात फोल्कमान या लेखकाची इटलीविषयीची मार्गदर्शिका त्याच्या हाताशी होती. म्हणजे ज्याला उत्स्फूर्तता म्हटले जाते, तिच्या पाठीशी जवळजवळ आयुष्यभराची पूर्वतयारी होती. शिवाय तो वायमारच्या ड्यूकच्या दरबारी मंत्री होता, गैरहजेरीतही त्याचे वेतन चालू राहिले, आणि तो परतला तो १७८८ मध्ये. पुण्याहून किंवा नागपूरहून निघणाऱ्या नोकरदार कुटुंबाच्या हाती दहा-बारा दिवसांची रजा असते, आणि त्याला घराबाहेर पडण्यापूर्वीच आपला कार्यक्रम कागदावर मांडावा लागतो. इटली हा शेंगेन क्षेत्रातील देश आहे. म्हणजे परस्परांतील सीमांवरची तपासणी ज्यांनी काढून टाकली आहे अशा युरोपीय देशांच्या गटातील आहे. या क्षेत्राच्या व्हिसासाठी अर्ज करताना जाण्यायेण्याचे आरक्षण, प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. ज्याच्याजवळ युरोपीय पारपत्र आहे त्याने ‘पाहू, सुचेल तिकडे जाऊ’ असे म्हणणे वेगळे आणि मुंबईच्या व्हिसाकेंद्रात कागदपत्रांची चळत घेऊन बसलेल्याने तसे म्हणणे वेगळे.

आक्षेपक : व्हिसासाठी जोडलेला कागद आणि प्रत्यक्ष दिवसाची आखणी या दोन गोष्टी एक नव्हेत. मुक्काम कोठे, हे त्या कागदावर असते. सकाळी नऊ ते साडेनऊ कोणत्या चौकात, साडेनऊ ते अकरा कोणत्या दालनात, हे कोणताही वकिलातीतील अधिकारी विचारीत नाही. ती सक्ती प्रवासी स्वतःच स्वतःवर लादून घेतो.

पुरस्कर्ता : काही ठिकाणी ती सक्ती त्या वास्तूकडूनच येते, आणि तिच्यामागचे कारण समजून घेतले तर ती जाचक वाटत नाही. मिलानमधील सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या चर्चला लागून असलेल्या मठाच्या भोजनगृहात लिओनार्दो दा व्हिंचीने १४९५ ते १४९८ च्या सुमारास ‘अखेरचे भोजन’ हे भित्तिचित्र काढले. ओल्या गिलाव्यावर रंग भरण्याच्या प्रचलित पद्धतीला ‘फ्रेस्को’ म्हणतात; त्यात गिलावा सुकताना रंग भिंतीचाच भाग होऊन जातो, परंतु चित्रकाराला घाई करावी लागते. लिओनार्दोला सावकाश, पुन्हा पुन्हा हात फिरवीत काम करायचे होते, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंग चढविला, आणि तो रंग त्याच्या हयातीतच सुटू लागला. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात त्या भोजनगृहाचे छप्पर आणि एक भिंत कोसळली, तरी चित्राची भिंत उभी राहिली. पुढे १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षे चित्राच्या जतनाचे काम चालले. आता तेथे थोड्या थोड्या लोकांचा गट एका बंद दालनातून दुसऱ्या बंद दालनात असा टप्प्याटप्प्याने आत घेतला जातो, एक काचेचे दार मागे मिटल्यावरच पुढचे उघडते, कारण माणसाच्या श्वासातील ओलावा आणि त्याच्या कपड्यांवरची धूळ चित्राला घातक ठरते. पंगतीमागून पंगत उठावी तसे गट येतात आणि जातात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येतात. ही तिकिटे बऱ्याच आधी विक्रीस निघतात आणि लवकर संपतात. ज्याने आखणी केली नाही त्याला मिलानमध्ये मोकळीक खुशाल मिळेल, पण तिच्यात हे चित्र नसेल.

रोममधील बोर्गेझे संग्रहालयातही असेच आहे. तेथे ठरावीक वेळेचे आरक्षण असल्यावाचून प्रवेश नाही आणि आत दोन तास मिळतात. फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी आणि आकाडेमिया या दोन्ही गॅलऱ्या सोमवारी बंद असतात, तर व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडता रविवारी बंद असतात. म्हणून रविवारी रोम आणि सोमवारी फ्लॉरेन्स असा कार्यक्रम ज्याने केवळ विमानाच्या भाड्याकडे पाहून ठरविला, त्याने दोन्ही शहरांतील मुख्य दारे आपल्याच हाताने लावून घेतलेली असतात. हे बुद्धीचे काम नाही, पण दिनदर्शिका समोर ठेवण्याचे काम मात्र आहे, आणि ते न केल्याची किंमत हजारो किलोमीटर गेल्यावर कळते.

आक्षेपक : बंद दाराचा मुद्दा निर्विवाद आहे. आक्षेप आहे तो आरक्षित तासाच्या संसर्गावर. एखाद्या दिवसात एक वेळ पक्की झाली की तिच्या आजूबाजूच्या वेळाही पक्क्या करण्याचा मोह होतो, कारण एवढ्या लांब येऊन दोन तास रिकामे ठेवणे हा अपव्यय वाटू लागतो. एकोणिसाव्या शतकात बेडेकर या जर्मन प्रकाशकाच्या मार्गदर्शिकांनी महत्त्वाच्या स्थळांपुढे तारांकन करण्याची पद्धत रूढ केली, आणि तेव्हापासून प्रवाशाच्या डोळ्यांआधी तारा पोहोचू लागला. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत आपल्या नायिकेला फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये बेडेकरवाचून सोडून दिले, ते उगीच नव्हे. कोणत्या थडग्यासमोर भारावून जायचे हे सांगणारे पुस्तक हाती नसताना माणूस प्रथम गोंधळतो आणि मग पाहू लागतो. आजचा तक्ता तर तारांकनाच्याही पुढे गेला आहे, कारण तो काय पाहावे एवढ्यावर न थांबता किती वेळ पाहावे हेही सांगतो.

शिवाय अशा तक्त्यात एक हिशेबाची चूक हमखास असते. रोम ते फ्लॉरेन्स हे अंतर वेगवान आगगाडी सुमारे दीड तासात कापते आणि फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांहून थोडे अधिक घेते, म्हणून नियोजक एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यासाठी दीड किंवा दोन तासच मांडतो. प्रत्यक्षात सामान बांधणे, खोली सोडणे, स्थानक गाठणे, फलाटाचा क्रमांक फलकावर झळकेपर्यंत तिष्ठत उभे राहणे, नव्या शहरात निवासस्थान शोधणे आणि दुपारी खोली ताब्यात मिळेपर्यंत सामान कोठेतरी ठेवणे, यांत अर्धा दिवस सरतो. आठ दिवसांत तीनदा शहर बदलणाऱ्याचे दीड दिवस अशा रीतीने निघून जातात, आणि ते त्याच्या कागदावर कोठेच दिसत नाहीत.

पुरस्कर्ता : ही चूक आखणीची नव्हे, अपुऱ्या आखणीची आहे, आणि तिच्यावरचा उपाय अधिक विचारपूर्वक केलेली आखणी हाच आहे. येथे दोन प्रकारच्या गोष्टींमध्ये भेद करणे आवश्यक आहे. काही गोष्टी वेळ ठरविल्यावाचून मिळतच नाहीत. लिओनार्दोचे चित्र, बोर्गेझेतील बेर्निनीची शिल्पे, फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढणे या त्यांपैकी होत. दुसऱ्या काही गोष्टी वेळ ठरविली की हातच्या निसटतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर गावकरी सहकुटुंब मुख्य रस्त्यावर रमतगमत फेरी मारतात ती ‘पासेज्जाता’, अनोळखी चर्चमध्ये शिरल्यावर अचानक दिसलेले काराव्हाज्जोचे चित्र, किंवा पावसाची सर आल्यामुळे कमानींखाली काढलेला तास. बहुतेक बिघाड या दोहोंना एकच नियम लावल्यामुळे होतो. काही जण पहिल्या प्रकारच्या गोष्टी नशिबावर सोडतात, तर काही जण दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींनाही साडेपाच ते साडेसहा असा रकाना देतात. सकाळची एकच वेळ आधी पक्की करावी, दुपार मोकळी ठेवावी, आणि एकूण मुक्कामाची शहरे चारवरून दोनवर आणावीत, असे केले तर आपला दीड दिवसाचा हिशेब बराचसा भरून निघतो.

दुपार मोकळी ठेवण्यास तेथील जीवनक्रमाचाही आधार आहे. अनेक गावांत, विशेषतः दक्षिणेकडे आणि लहान शहरांत, दुकाने व चर्चही दुपारी काही तास बंद असतात. या विश्रांतीला ‘रिपोझो’ म्हणतात. १५ ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’ या सणाच्या आगेमागे तर कित्येक घरगुती भोजनालये आठवडाभर बंद ठेवून मालक समुद्रकिनारी गेलेले असतात. मराठी कुटुंबाच्या बाबतीत ऋतूचा प्रश्न शाळेच्या सुट्ट्यांशी बांधलेला आहे, आणि त्यात एक पेच आहे. मे महिन्याची सुट्टी तेथील सौम्य उन्हाशी चांगली जुळते. परंतु दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की रोममध्ये तो पावसाचा काळ असतो, व्हेनिसमध्ये भरतीचे पाणी रस्त्यांवर चढण्याचा म्हणजे ‘आक्वा आल्ता’चा हंगाम तेव्हाच सुरू होतो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेल्यावर रोममध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. व्हेनिसच्या खाजणाच्या तोंडाशी उभारलेले ‘मोझे’ हे जंगम बंधारे ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या भरत्या अडवीत असल्यामुळे पूर्वीइतकी धास्ती उरलेली नाही, तरी पाण्याला दाद देणारे बूट त्या दिवसांत नकोतच.

आक्षेपक : बुटांचा विषय निघालाच आहे, तर सामानाविषयीचा मूलभूत आक्षेप येथेच मांडणे योग्य होईल. ‘आरामदायी कपडे घ्यावेत’ हा सल्ला इतका निरुपद्रवी वाटतो की त्याच्या पोटात काय दडले आहे ते कोणी तपासत नाही. चटकन सुकणारी विजार, असंख्य खिशांचे जाकीट आणि धावण्याचे जाड तळव्यांचे बूट अशा वेशात प्रवासी जेव्हा फ्लॉरेन्सच्या चौकात उतरतो, तेव्हा तो नकळत त्या शहराला गिर्यारोहणाच्या वाटेचा दर्जा देतो. तेथे लोक राहतात, कचेऱ्यांत जातात, अंत्यविधीला उभे राहतात. चारचौघांत नीटनेटके दिसणे हा स्वतःचा आणि समोरच्याचा मान राखण्याचा भाग आहे, अशी एक इटालियन समजूत आहे आणि तिला ‘बेल्ला फिगूरा’ म्हणतात; कोपऱ्यावरची भाजी आणायला निघालेल्या आजीबाईंचा कोटही इस्त्रीचा असतो, तो या समजुतीमुळे. व्हेनिसच्या ऐतिहासिक शहरात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते, आणि २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. ज्यांच्या दारासमोरून रोज हजारो पाहुणे फिरायला आल्यासारखे अर्ध्या चड्डीत जातात, त्या उरलेल्या लोकांना आपण कसे दिसतो, हा प्रश्न आरामाच्या सल्ल्यात कोठे येतो?

पुरस्कर्ता : तो प्रश्न यायला हवा, यात दुमत नाही, मात्र आरामाचा अर्थ ढिलेपणा असा घेतल्यामुळे आपला आक्षेप चुकीच्या जागी पडतो. ज्या कपड्यांमुळे आणि पादत्राणांमुळे दिवसभरात शरीराची आठवण होत नाही ते आरामदायी, अशी व्याख्या केली तर तिचा संबंध थेट पाहण्याच्या क्रियेशी जोडला जातो, कारण टाचेला फोड आलेला माणूस मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’समोर उभा राहूनही बसायला बाक शोधत असतो. रोमच्या जुन्या भागातील रस्ते ‘सांपिएत्रीनी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काळ्या बेसॉल्टच्या लहान चौकोनी दगडांनी बांधलेले आहेत. त्यांच्या सांध्यांत अंतर असते, पृष्ठभाग उंचसखल असतो, आणि पाऊस पडला की ते निसरडे होतात. तेथे पातळ तळव्याची चप्पल संध्याकाळपर्यंत प्रत्येक दगड पायाला मोजून दाखविते. लिग्युरियाच्या किनाऱ्यावरील चिंक्वे तेर्रे या पाच गावांच्या डोंगरवाटांवर तर पादत्राणांविषयी नियमच आहेत, कारण चपला घालून गेलेल्यांना सोडवून आणण्याचे काम बचावपथकांवर पडत असे. बूट नवे नसावेत. निघण्यापूर्वी महिनाभर रोज वापरून ते पायाच्या वळणाचे झालेले असावेत, आणि त्यांचा रंग गडद असला तर तेच बूट संध्याकाळी भोजनालयातही शोभतात.

उरलेल्या कपड्यांच्या बाबतीत मराठी प्रवासी, विशेषतः स्त्रिया, वाटतात त्यापेक्षा अधिक सज्ज असतात. सेंट पीटर्स बॅसिलिकेत आणि इतर मोठ्या चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले नसतील तर स्त्री असो वा पुरुष, दारावरच अडविले जाते. उन्हाळ्यात कित्येक युरोपीय व अमेरिकी प्रवासी ऐनवेळी शाली विकत घेताना दिसतात. सुती सलवार-कमीज आणि ओढणी या नियमात जशीच्या तशी बसते, उन्हात हवेशीर राहते, आणि आपण ज्या नीटनेटकेपणाचा आग्रह धरीत आहात त्यालाही उतरते. साडीही या नियमात बसते, परंतु फ्लॉरेन्सच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या अरुंद, वळणावळणाच्या आहेत, उद्वाहन नाही, आणि तेथे निऱ्या सावरीत चढणे त्रासाचे आहे. सुती कापडाचा दोष असा की ते घाम धरून ठेवते आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत रात्रभरात सुकत नाही. म्हणून गार ऋतूत आतला एक थर बारीक लोकरीचा, त्यावर सदरा, त्यावर पाऊस अडविणारे पातळ जाकीट, असे थर करावेत, म्हणजे सकाळची थंडी आणि दुपारचे ऊन या दोहोंना एकाच पोशाखात तोंड देता येते. मधल्या दिवशी कपडे धुण्याची सोय असलेला मुक्काम निवडला, तर पाच दिवसांच्या कपड्यांत दहा दिवस निघतात.

आणि ओझे कमी का ठेवायचे, याचे उत्तर व्हेनिसच्या स्थानकाबाहेर पडताच मिळते. समोरच कालवा असतो, पलीकडे जायचे तर स्काल्त्सी पुलाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, मोटार तर सोडाच, हातगाडीही पायऱ्या चुकवू शकत नाही, आणि निवासस्थानापर्यंत असे आणखी दोन-तीन पूल असू शकतात. चाकांची मोठी बॅग सपाट जमिनीवर सोय असते. पायरीवर ती तेवीस किलोंची वस्तू होते, आणि ती कोणाला तरी उचलावी लागते.

आक्षेपक : तेवीस किलो होतात ते कपड्यांनी होत नाहीत, भीतीने होतात. बॅगेतील अर्धी जागा चिवडा, मेतकूट, तयार पोह्यांची पाकिटे आणि औषधांनी भरलेली असते, आणि तक्त्यातील अर्ध्या ओळीही तशाच भीतीतून आलेल्या असतात. काहीतरी राहून गेले तर काय, तेथे खायला मिळाले नाही तर काय, परतल्यावर ‘एवढे जाऊन ते नाही पाहिले?’ असे कोणी विचारले तर काय. ज्या देशात टोमॅटो, तुळशीची पाने, वांगी, मसूर आणि चणे यांवर साधे जेवण उभे आहे, तेथे शाकाहारी माणसाने उपाशी राहण्याचे कारण नाही. ही भीती पुरती शमविण्यासाठी मग स्वयंपाकी बरोबर घेऊन फिरणाऱ्या सामूहिक सहली निघतात, आणि त्यांत प्रवासी वरणभात खाऊन बसच्या खिडकीतून टस्कनी पाहतो.

पुरस्कर्ता : येथे मात्र आपला सूर अन्यायाचा झाला आहे. कडक शाकाहारी व्यक्तीची काळजी काल्पनिक नाही. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातील विकर वापरूनच तयार होते, आणि ते किसून टाकल्याशिवाय पास्त्याची बशी सहसा समोर येत नाही. ज्यांना इंग्रजी सफाईने बोलता येत नाही, ज्यांनी आयुष्यभर काटकसर करून साठच्या पुढे प्रथमच देशाची सीमा ओलांडली, ज्यांना मधुमेहामुळे जेवणाची वेळ चुकविता येत नाही, त्यांच्यासाठी मराठी बोलणारा सहलप्रमुख आणि ओळखीचे जेवण ही प्रवासाची पूर्वअट असते. तिच्यावाचून ते गेलेच नसते. भटकण्याची हौस थोर आहे, पण तिच्यासाठी भाषा, पैसा, निरोगी गुडघे आणि पुन्हा येण्याची शक्यता हे सारे गाठीला असावे लागते. ज्याला पुन्हा यायला मिळणार आहे त्यालाच चुकणे परवडते. सामूहिक सहलीलाही चालावे लागतेच, कारण इटलीतील बहुतेक शहरांच्या मध्यभागी वाहनांना मर्यादित प्रवेश असलेली क्षेत्रे आहेत, त्यांच्या वेशींवर कॅमेरे असतात, आणि बस दूरवर उभी करून पुढे पायीच जावे लागते. खिडकीतून टस्कनी पाहणारेही सिएनाच्या चढावर घाम गाळतात.

आक्षेपक : सूर अन्यायाचा झाला हे मान्य. परंतु आपल्या उत्तरातूनच आक्षेप अधिक नेमका होतो. ज्याला पुन्हा येणे शक्य नाही, त्याने काय सोडावे हे कसे ठरवायचे? दोनच शहरे घ्या, दुपार मोकळी ठेवा, ही आपली शिफारस ज्याने इटली एकदा पाहिला आहे त्याला पटेल. ज्याला एकदाच जायचे आहे त्याच्या दृष्टीने व्हेनिस गाळणे म्हणजे जन्मभरासाठी गाळणे होय. म्हणजे कमी पाहण्याचा सल्ला जो पाळू शकतो त्याला त्याची गरज कमी, आणि ज्याला गरज अधिक त्याला तो परवडत नाही. दुसरे असे की वेळ ठरविल्यावाचून न मिळणाऱ्या गोष्टींचे क्षेत्र वाढत चालले आहे. रोमचे पँथिऑन, जेथे चालता चालता सहज आत शिरता येत असे, तेथे जुलै २०२३ पासून पर्यटकांना पाच युरोंचे तिकीट लागू झाले. व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, मुक्काम न करता केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून शहरात शिरण्यासाठी पाच युरो घेण्यास सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी असे दिवस वाढविले. आपण केलेला भेद आज खरा असला, तरी त्यातील दुसरा भाग आक्रसत आहे, आणि त्याला आखणी करून येणाऱ्यांचीच गर्दी कारणीभूत आहे, कारण सर्वांचे तक्ते एकसारखे असल्यामुळे सर्व जण एकाच वेळी एकाच पुलावर असतात.

पुरस्कर्ता : गर्दी आखणीमुळे होते की सारख्या आखणीमुळे, हा फरक येथे निर्णायक आहे. व्हेनिसमध्ये सकाळी दहाला येऊन संध्याकाळी पाचला परतणारे लोक शहरावर सर्वांत मोठा भार टाकतात. तेथे दोन रात्री राहणाऱ्याला ते शुल्क लागत नाही, आणि सकाळी सातला रिआल्तोच्या बाजारात मासे उतरताना पाहायला मिळतात. म्हणून जन्मात एकदाच जाणाऱ्याने व्हेनिस गाळू नये, पण अर्ध्या दिवसात उरकूही नये. त्यासाठी मिलान गाळावे. अर्थात मिलान गाळले की लिओनार्दोचे ते चित्रही जाते, आणि एवढ्या विस्ताराने ज्याची महती येथे सांगितली तेच सोडायला सांगावे लागते. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर कोणताही सर्वमान्य निकष उपलब्ध नाही.

शुल्काच्या बाबतीत एवढे म्हणता येईल की सुटणारा रंग वाचविण्यासाठी माणसे मोजून आत घेणे हे समर्थनीय आहे. परंतु रस्ते, चौक आणि पूल यांनाही तोच न्याय लावला तर शहर आणि संग्रहालय यांतील सीमा पुसली जाते, आणि ती पुसली गेल्यावर तेथे राहणाऱ्यांनी स्वतःला काय समजावे, हा आपण बेल्ला फिगूराच्या निमित्ताने उपस्थित केलेला प्रश्न पुन्हा उभा राहतो. तो प्रवाशाच्या कपड्यांनी थोडा हलका होईल, पण सुटणार नाही.

आक्षेपक : तर मग सोडायचे काय हे निदान कोणी ठरवायचे, यावर तरी काही म्हणता येईल का? तीन पिढ्यांच्या कुटुंबात आखणी एक जण करतो, बहुधा ज्याचे वय आणि गुडघे दोन्ही अनुकूल आहेत तो. ४६३ पायऱ्या मात्र सर्वांच्या वाट्याला येतात.

पुरस्कर्ता : एक मार्ग असा सुचविता येईल की ज्या वेळा आरक्षणावाचून मिळत नाहीत तेवढ्या आखणाऱ्याने ठरवाव्यात, आणि मोकळ्या ठेवलेल्या दुपारींचा निर्णय त्या त्या दिवशी कुटुंबातील ज्या व्यक्तीला चालणे सर्वांत अवघड जाते तिच्याकडे द्यावा. तिला बसायचे असेल तर सर्वांनी बसावे, तिला पुन्हा त्याच चर्चमध्ये जायचे असेल तर पुन्हा जावे. अशाने मोकळा वेळ ‘पुढचे स्थळ’ गाठण्यासाठी खर्ची पडणार नाही, आणि पाहण्याचा वेग सर्वांना झेपेल असा राहील.

आक्षेपक : सूचना विचारपूर्वक केलेली आहे, पण मराठी घरातील सासूबाईंना किंवा आजोबांना विचारले असता उत्तर येते, ‘तुम्ही ठरवाल ते, आमचे काय!’ आपल्यामुळे मुलांचे काही राहून जाऊ नये, हा त्यामागचा भाव असतो, आणि तो इतका पक्का असतो की गुडघा सुजला तरी तो बोलून दाखविला जात नाही. मग ती दुपार पुन्हा आखणाऱ्याकडेच परत येते आणि तिच्यात तो सवयीने एक गॅलरी भरतो.

पुरस्कर्ता : त्या उत्तरावर आखणीजवळ उपाय नाही. विचारण्याची वेळ मात्र बदलता येईल. चौकात उभे राहून विचारण्याऐवजी तिकिटे काढण्यापूर्वी, घरी, नकाशा उलगडून विचारले तर कदाचित वेगळे उत्तर येईल.

आक्षेपक : किंवा तेच येईल.